सोहन्याच्या वाटेवरचा नवरोज

निजामुद्दीन स्थानकावर गाडी वेळेवर पोहोचली. त्यामुळे रेल्वेविषयी तक्रार करण्याची संधी गेली आणि माझा सगळा राग मुलासाठी शिल्लक राहिला. निरंजनने स्वतः घ्यायला येण्याचे कबूल केले होते. आली ती टॅक्सी. चालकाने माझी बॅग मागे ठेवली आणि सांगितले की साहेब मीटिंगमध्ये आहेत. कबूल केलेली गोष्ट न करणे याला आमच्या क्षेत्रात कराराचा भंग म्हणतात. मी आयुष्यभर एका सरकारी खात्यात कायदा अधिकारी होतो, आणि दिलेल्या शब्दाचा हिशोब मागण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. रिंग रोडवरून धौला कुआँ ओलांडेपर्यंत मी मनातल्या मनात निरंजनला एक पूर्ण पत्र लिहिले. त्याच्या शेवटी ‘लोभ असावा’ घातले नाही.

रस्त्याच्या दुतर्फा काटेसावरी फुलल्या होत्या. पान एक नाही आणि फुले लालभडक. मार्चमधली दिल्ली मी पूर्वी अनेकदा पाहिली आहे, पण ती कोर्टाच्या कामाने, कागदांच्या गठ्ठ्यामागून. गुरुग्रामची हद्द लागली तशी झाडे संपली आणि काचेचे मनोरे सुरू झाले.

मी कशासाठी गेलो होतो ते वाचकांना आधीच सांगतो. निरंजनला पुण्याला परत आणायचे होते. पुण्यातले घर मोठे आहे आणि रिकामे आहे. त्या विषयावरच्या माझ्या सविस्तर पत्रांना त्याच्याकडून ‘बघू या बाबा’ एवढेच उत्तर येत असे, म्हणून समक्ष गेलो. पहिल्याच सकाळी नाश्त्याच्या टेबलावर विषय काढला. तो बूट घालत म्हणाला, “बाबा, बिल्कुल बोलू, पण आत्ता नको ना. माझी कॅब खाली आलीये.” नात रेवा दारात बसून मोजे शोधत होती. तिला मी म्हणालो, उंबऱ्यावर बसू नये. तिने विचारले, “आजोबा, उंबरा मतलब?” मी दाखवायला गेलो, तर त्या घराला उंबराच नव्हता. फरशी आतून बाहेर सरळ वाहत गेलेली. मी परत येऊन टेबलाशी बसलो.

दुसऱ्या दिवशी मेट्रोने लक्ष्मीबाई नगरला गेलो. माझा आतेभाऊ तिथे सरकारी क्वार्टरमध्ये राहत असे, आणि खात्याच्या विश्रामगृहापेक्षा मला त्याचे घर आवडे. हिवाळ्यात सगळी वसाहत मागच्या हिरवळीवर बाज टाकून उन्हात बसलेली असायची. बायका मटार सोलत, आणि त्या एका ढिगाभोवती मराठी, बंगाली, तमिळ अशा तीन-चार भाषा चालत. आतेवहिनी संध्याकाळी गुळाच्या पोळ्या करी आणि शेजारची पोरे वास घेत यायची. मी त्या जागी पोहोचलो तेव्हा बैठी क्वार्टर नव्हती, उंच इमारती होत्या. दरवाजावरच्या रखवालदाराने विचारले, किससे मिलना है. जिला भेटायचे होते ती वहिनी जाऊन बरीच वर्षे झाली, आणि आतेभाऊ आता नागपूरला मुलीकडे असतो. मी पत्ता चुकल्याचे सांगून मागे फिरलो. पत्ता मात्र अगदी बरोबर होता.

त्या संध्याकाळी सोसायटीच्या बागेत जड मनाने बसलो असताना कोणीतरी स्वच्छ मराठीत विचारले, “बसू का इथे? काका पुण्याचे दिसतात.”

वळून पाहिले तर एक गोरा, पांढऱ्या दाट मिशांचा माणूस. हातात काळ्या मण्यांची माळ, पायांत चामडी चपला. मी त्याला काश्मिरी समजलो. तो हसला आणि म्हणाला, कुर्द. नाव रेबवार. गाव सुलेमानिया, इराकच्या उत्तरेला, कुर्दांच्या डोंगराळ मुलखात. कॉलेजसाठी तो तरुणपणी पुण्यात होता, सदाशिव पेठेत एका मालकीणबाईंकडे खोली घेऊन. त्या बाईंनी त्याला दोन गोष्टी शिकवल्या: मराठी, आणि पिठल्यावर कच्चे तेल घालून खाणे. पुढे तो मायदेशी गेला, लग्न झाले, मुले झाली. तिथे राहणे कठीण झाले तेव्हा कुटुंब घेऊन तो पुन्हा भारतात आला, या वेळी दिल्लीला. त्याच्या मुलखातून इथल्या इस्पितळांत रोगी येतात. डॉक्टर आणि रोगी यांच्यामध्ये उभे राहून एकाचे दुसऱ्याला सांगणे, हे त्याचे काम.

“तुमच्या मराठीला अजून पेठेचा वास आहे,” मी म्हणालो.

“वास आहे, पण भाजी नाही हो,” तो म्हणाला. “बोलायला माणूसच नाही.”

पुढच्या संध्याकाळी आम्ही त्याच बाकावर, आणि त्याच्या पुढच्याही. तो मला वकीलसाहेब म्हणे. मी वकील नव्हे, कायदा अधिकारी होतो, हे त्याला प्रत्येक वेळी सांगितले आणि त्याने प्रत्येक वेळी मान डोलावून पुन्हा वकीलसाहेबच म्हटले. आम्ही पुण्याबद्दल बोलायचो. त्याच्या पुण्यात सायकली होत्या, रात्री बंद होणारे नळ होते, आणि परदेशी मुलगा म्हणून भाडे न वाढवणारी एक विधवा होती. त्यातले आता काय आहे, असे त्याने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

मग एका संध्याकाळी त्याने आपले दुःख सांगितले. येत्या शुक्रवारी तो आणि पत्नी नस्रीन कायमचे सुलेमानियाला परतणार होते. त्याची वृद्ध आई तिथे एकटी पडली होती. मुलगा जर्मनीला, तो कधीच हाताबाहेर गेला. उरली मुलगी शिलान. पाच-सहा वर्षांची असताना दिल्लीत आली, इथेच शिकली, गुरुग्राममध्ये नोकरीला लागली. तिने येणार नाही म्हणून सांगितले होते. तेव्हापासून, महिना होत आला, रेबवार मुलीशी एक शब्दही बोलला नव्हता. दोघे एकाच घरात राहत, एकाच टेबलावर जेवत.

“वकीलसाहेब, तुम्हाला एक पुणे आहे, एक महाराष्ट्र आहे,” तो म्हणाला. “तुमचा मुलगा मराठी विसरला, तर मराठी मरत नाही. आम्हाला देश नाही. आमचा देश म्हणजे घरातलं बोलणं. मुलांनी ते बंद केलं, की संपलं.” शिलानला कुर्दी समजते, पण उत्तर ती हिंदीतच देते, हे त्याने अशा स्वरात सांगितले की जणू ती घरातली भांडी एकेक करून विकत होती.

मला त्याचे म्हणणे शंभर टक्के पटले. माझ्याही घरात तसाच एक खटला चालू होता.

सोमवारी त्यांच्या नवरोजची (कुर्दांच्या नववर्षाची) पूर्वसंध्या होती आणि पाडव्याला दोन दिवस होते. रेबवारने मला सेयरानचे (वसंतात डब्यांसह उघड्यावर जाण्याची कुर्दांची सहल) आमंत्रण दिले. दिल्लीतला त्यांचा हा शेवटचा नवरोज. संध्याकाळी उंचावर आग पेटवायची असते. एका डोंगरावरची आग पाहून दुसऱ्या डोंगरावरचे गाव आपली पेटवते, असे करत अख्खी दरी उजळते. शिलानने अर्धा दिवस रजा घेतली होती. गाडी तिची आणि चालवणारी तीच.

मी पुढे बसलो, नवराबायको मागे. नस्रीनने झगमगीत जांभळा कुर्दी पायघोळ पोशाख घातला होता. शिलान जीन्स आणि ऑफिसच्या सदऱ्यात होती. तिचा पोशाख, नस्रीनने लाजपत नगरहून कापड आणून शिवलेला, पिशवीत घालून डिकीत ठेवला होता, असे मला गाडीत बसताच समजले. कारण रेबवारने बायकोला पहिलेच वाक्य त्यावर ऐकवले, आणि बायकोने ते हिंदीत मुलीला ऐकवले.

“दाये, ऑफिस से सीधे आई हूँ,” शिलान आरशात पाहून आईला म्हणाली. “बाबा को बोलो, वहाँ पहन लूँगी.”

“तुझ्या मुलीला सांग, मी ऐकलं,” असे काहीतरी रेबवार कुर्दीत म्हणाला असावा. नस्रीनने भाषांतर न करता खिडकीबाहेर पाहिले. इतकी वर्षे रोगी आणि डॉक्टर यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या माणसाने आपल्याच घरात बायकोला दुभाषी नेमले होते.

उंच रस्ता खाली उतरला आणि गुरुग्रामचे मनोरे मागे पडले. सोहन्याच्या बाजूला मोहरी काढून झाली होती. गहू अजून उभा होता, टोकाशी पिवळा आणि खाली हिरवा. शेताच्या कडेला बिटोडे (गोवऱ्या रचून वरून शेणाने लिंपलेल्या झोपडीएवढ्या राशी) ओळीने उभे होते. एकेकावर बायकांच्या बोटांनी काढलेली नक्षी. पलीकडे अरवलीची बुटकी, करड्या दगडांची रांग आणि तिच्या अंगावर मधूनमधून पेटल्यासारखा ढाक (आपला पळस). सह्याद्री पाहिलेल्या डोळ्यांना हे डोंगर वाटत नाहीत. रेबवार मात्र खिडकीला नाक लावून बसला होता.

तेवढ्यात तो पुढे वाकला आणि माझ्या कानाशी मराठीत बोलू लागला. बायकोला मराठी येत नव्हती, आणि मुलीसमोर मोकळेपणाने बोलायला त्याला तीच एक भाषा उरली होती.

“वकीलसाहेब, एक काम करा. आज तिला सांगा, बाप देश सोडून गेला की मुलीचा व्हिसाही संपतो. पोलीस येतात, कायदा तसा आहे.”

मी सांगितले की कायदा तसा नाही. शिलानचा व्हिसा नोकरीचा आहे, तिच्या स्वतःच्या नावाने, कंपनीने काढलेला. ती सज्ञान आहे. बाप इथे असो वा नसो, तिच्या मुक्कामाला बाध येत नाही.

“कायदा काय म्हणतो ते मला माहीत आहे,” तो म्हणाला. “म्हणून तर तुम्हाला सांगतो. माझं ती ऐकणार नाही. तुमच्या चेहऱ्यावर कायदा आहे. तुम्ही नुसतं गंभीर बसून म्हटलंत, की एकट्या मुलीला फार त्रास होतो, तरी ती घाबरेल. शुक्रवारपर्यंत घाबरली तरी पुरे.”

माझ्या मनात काय आले ते लिहितो. माझ्या मुलालाही कोणी असे घाबरवून पुण्याच्या गाडीत बसवले असते, तर मी त्या माणसाचे आभार मानले असते. पण जो कायदा नाही, तो आहे असे सांगणे माझ्याने कधी झालेले नाही. मी एवढेच म्हणालो की खोटे मी बोलणार नाही, मात्र परक्या देशात एकटे राहण्यात काय अडचणी असतात, ते तिला वडीलधाऱ्याच्या नात्याने सांगेन. रेबवारने माझा खांदा दाबला. शिलान समोरच्या ट्रॅक्टरकडे पाहत गाडी चालवत होती.

डोंगराच्या पायथ्याशी रस्ता संपला आणि गाडी वाळूत रुतली. आम्ही दोघे म्हातारे मागून ढकलायला गेलो आणि गुडघ्यापर्यंत धुळीने माखलो. गाडी हलली नाही. शेवटी शिलानने चाकाखाली पायपुसणी घातली आणि ती बाहेर काढली. “आप दोनों साइड में खड़े होते ना, तो ज़्यादा मदद होती,” ती म्हणाली. नस्रीन तोंडावर पदरासारखा रुमाल धरून हसली.

टेकडीवर थोडे चढून आम्ही जेवलो. यापराख (द्राक्षाच्या पानांत गुंडाळून शिजवलेला आंबटसर भात), पातळ मोठी भाकरीसारखी नान, कांद्याची पात, आणि थर्मासमधला काळा चहा. तो पिण्यासाठी नस्रीनने वर्तमानपत्रात गुंडाळून छोटे काचेचे पेले आणले होते. यापराख एकेक पान उलगडून खावे की सबंध तोंडात टाकावे, हे मला कळेना. नस्रीनने न बोलता माझ्या ताटलीत आणखी चार ठेवली. जेवताना मीठ कमी आहे हे रेबवारने बायकोला सांगितले, बायकोने मुलीला, मुलीने मीठ आईकडे दिले, आईने नवऱ्याकडे. बाप आणि लेक यांच्यामध्ये हातभर अंतर होते.

सूर्य कलू लागला तसा रेबवार काटक्या गोळा करू लागला. आता मला बोलावेच लागले. चढताना मी वन खात्याचा फलक वाचला होता: राखीव क्षेत्र, आग पेटवण्यास मनाई. मी त्याला तसे सांगितले.

तो ताठ उभा राहिला. “आमच्या डोंगरावरही मनाई होती. सैनिक बसायचे वर. आम्ही तरी पेटवायचो.”

“तिथली मनाई तुमच्यासाठी होती,” मी म्हणालो. “इथली झाडांसाठी आहे. मार्च महिना आहे, गवत वाळलेलं आहे. रेबवारसाहेब, मी इथे पेटवू देणार नाही.”

त्याने काटक्या टाकून दिल्या आणि माझ्याकडे पाठ केली. आता तो दोन माणसांशी बोलत नव्हता.

मार्ग काढला तो शिलानने. ती उतरून खाली रस्त्याकडेच्या ढाब्यावर गेली. आम्ही पोहोचेपर्यंत तिचे बाजेवर हुक्का ओढत बसलेल्या मालकाशी बोलणे रंगात आले होते. ती त्याला ताऊ (थोरले काका) म्हणत होती आणि तो तिला छोरी.

“होली तो गई, छोरी,” ताऊ म्हणत होता. “इब के फूँकेगी?”

“ताऊ, म्हारी होली आज सै,” शिलान त्याच्याच बोलीत म्हणाली. “बाबा की आख़िरी सै अड़े.” आमची होळी आज, आणि बाबांची ही इथली शेवटची.

ताऊने रेबवारच्या मिशांकडे आदराने पाहिले. ढाब्यामागचे मोहरी काढलेले रान त्याने आम्हाला मोकळे करून दिले, स्वतःच्या बिटोड्यातून गोवऱ्या काढून दिल्या आणि पाण्याची बादली जवळ ठेवण्याची अट घातली. ती अट मला फार आवडली. रेबवार माझ्याशेजारी येऊन हळूच म्हणाला, “बघा. इथलीच झाली ती.” त्यात राग होताच, पण त्याहून जुने काहीतरी होते. सदाशिव पेठेतल्या मालकीणबाईंशी बोलताना तोही कधीतरी असाच कोणाला दिसला असेल.

गोवऱ्यांवर मोहरीची वाळकी ताटे रचून रेबवारने आग लावली. ज्वाळा वर गेली तेव्हा सूर्य अरवलीमागे गेला होता. तो बराच वेळ चारी दिशांच्या टेकड्यांकडे पाहत राहिला. कुठून उत्तर येणार नव्हते, हे त्यालाही ठाऊक होते. मग त्याने खिशातून रंगीत रुमाल काढला. त्यांच्याकडे आगीभोवती हात धरून रांगेने नाचतात, आणि रांगेचा म्होरक्या तो रुमाल फिरवतो. नस्रीनने त्याचा हात धरला. शिलान पोशाख बदलून आली होती, पिवळा, पायांपर्यंत लांब. ती बापाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहू लागली, तशी त्याने बायकोला काहीतरी सांगितले. नस्रीन म्हणाली, “बेटा, पीछे. मेरे बाजू में.”

शिलान मागे गेली नाही. ती माझ्याकडे वळली.

“अंकल, गाड़ी में जो बात हुई थी, वो अब बोल दीजिए ना. सबके सामने. मराठी मुझे बोलनी नहीं आती, पर समझ में तो आती है. आधी तो हिंदी ही है.”

रेबवारचा रुमालाचा हात खाली आला. इतकी वर्षे दिल्लीत राहून, घरात हिंदी ऐकून वैतागलेल्या या माणसाला, त्याच हिंदीने मुलीच्या कानात मराठीचे दार उघडले असेल, हे सुचले नव्हते. कायद्याचा माणूस म्हणवणाऱ्या मलाही सुचले नव्हते.

“पूछ रही हूँ, अंकल. क़ानून क्या कहता है?”

तिचा आवाज चढला नव्हता. मी माझ्या मित्राकडे पाहिले. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. मी हिंदीत, जमेल तितक्या स्वच्छ शब्दांत, सांगितले की कायद्याने ती इथे राहू शकते आणि त्यासाठी तिला बापाच्या परवानगीची गरज नाही. एवढे सांगून मी थांबलो. अडचणींची जी यादी सांगणार होतो, ती सांगावीशी वाटली नाही.

तेव्हा रेबवार मुलीकडे वळला. महिन्यात प्रथमच थेट तिच्याकडे, आणि हिंदीत. घरात ज्या भाषेवर त्याने इतकी वर्षे बंदी घालू पाहिली, तीच भाषा, मोडकीतोडकी, कदाचित एकही शब्द तिच्यापर्यंत पोहोचायचा राहू नये म्हणून.

“वहाँ सब पूछेगा. मेरी माँ पूछेगी. रेबवार, लड़की किधर छोड़ा? क्या बोलेगा मैं?”

शिलानने उत्तर दिले ते कुर्दीत. सावकाश, शब्द जुळवत, एका ठिकाणी अडखळून पुन्हा सुरुवात करत. मला काही कळले नाही. नस्रीन डोळे पुसत होती. मी विचारल्यावर तिने हळू आवाजात सांगितले, “बोलती है, बोलना, जहाँ आप लाए थे, वहीं है.”

ढाब्यावरून कोणीतरी रेडिओ लावला आणि ताऊने तो बंद करायला लावला. गोवऱ्या धुमसत होत्या. रेबवार आगीकडे बघत उभा राहिला, इतका वेळ, की मला वाटले हा आता तसाच गाडीत जाऊन बसेल. मग तो खाकरला.

“शिलान,” तो म्हणाला, आणि पुढचे कुर्दीत. नस्रीनला भाषांतर करावे लागले नाही. मुलगी वाकली आणि तिने आगीत दोन गोवऱ्या घातल्या. तो म्हणाला होता, आग विझायला आली, बघत काय बसलीस.

त्यानंतर आम्ही नाचलो. रुमाल रेबवारच्या हातात होता, त्याच्याशेजारी शिलान, मग नस्रीन, आणि शेपटीला मी. दोन पावले पुढे, एक मागे, खांदे हलते ठेवायचे. माझी पावले सगळी उलटी पडत होती. ताऊ बाजेवरून ओरडून मला सूचना देत होता, त्या कोणत्या नाचाच्या होत्या कोण जाणे.

शुक्रवारी विमानतळावर मी त्यांना निरोप द्यायला गेलो.  बॅगा उतरवून झाल्या आणि आत जायची वेळ आली, तेव्हा रेबवारला एकदम सगळे आठवले. गिझर चालू ठेवून ऑफिसला जायचे नाही. गॅसचा खटका रोज पाहायचा. घरमालकाचे भाडे उशिरा द्यायचे नाही, तो चांगला माणूस आहे. गाडीचा डावा मागचा टायर बदलायचा. रात्री दार उघडण्यापूर्वी विचारायचे, कोण आहे, आणि दोनदा विचारायचे. हे तो कुर्दीत सांगे, मग मलाही कळावे म्हणून मराठीत सांगे, आणि शेवटी शिलानकडे बोट दाखवून हिंदीत विचारी, समझा? ती प्रत्येक वेळी “हो, बाबा” म्हणत होती, मराठीतच. दारावरच्या जवानाने दोनदा सांगितले की बाजूला व्हा, मागे रांग आहे. तिसऱ्यांदा सांगितले तेव्हा नस्रीनने नवऱ्याचा दंड धरला आणि त्याला आत नेले. काचेपलीकडून तो अजून बोलतच होता.

परतीच्या वाटेवर शिलानने मला सांगितले की तिकडे गेल्यावर चुलत भावंडे तिला हिंदुस्तानी म्हणून हसतात, आणि इथे ऑफिसात सगळे तिला इराकी म्हणून हसतात. “यहाँ वाली हँसी की आदत हो गई है, अंकल,” ती म्हणाली. 

मी पुण्याला परतलो. निजामुद्दीनला पोहोचवायला निरंजन स्वतः आला होता, रेवाला घेऊन. फलाटावर आम्ही पाण्याच्या बाटल्या, औषधे आणि खालच्या बर्थबद्दल बोललो. ज्यासाठी गेलो होतो, त्यावर तो म्हणाला, “बाबा, बघू या,” आणि मी म्हणालो, बघू नकोस, ठरव. रेवाने मला वाकून नमस्कार केला. गाडी हलेपर्यंत निरंजन फलाटावर उभा होता.

घर उघडले, खिडक्या उघडल्या, चहा केला. काही दिवसांनी सुलेमानियाहून फोन आला. मागे बायकांचा, मुलांचा गलका होता आणि रेबवारला त्यावरून ओरडून बोलावे लागत होते. आई बरी आहे, डोंगर हिरवे झाले आहेत, पिठल्याला तिथले पीठ चालत नाही. मी शिलानबद्दल विचारले.

“रोज फोन करते,” तो म्हणाला. “रोज भांडते. मी म्हणतो ये, ती म्हणते नाही. कुर्दीत भांडते आता, चुका करते, मी दुरुस्त करतो, त्यावर पुन्हा भांडण. आज तर दोनदा झालं.”

हे त्याने पोटभर जेवलेला माणूस जेवणाबद्दल सांगतो तसे सांगितले. माझी सगळी नोकरी प्रकरणे निकाली काढण्यात गेली. निकाल लागला की फाइल बांधून वर ठेवायची, आणि त्यातच आमची अक्कल. हा माणूस आपला दावा हरला होता, नीट, कायद्याने, माझ्याच तोंडून. तरी त्याने तो पुन्हा उघडला होता, आणि तो कधी निकाली निघू नये अशीच त्याची इच्छा दिसली.

मी रेबवारचा फोन ठेवला. मग निरंजनला फोन लावला. त्याने उचलला, आणि मी पहिल्याच वाक्यात त्याच्यावर रागावलो.